कर्करोगातून उठलेला माणूस आणि आपली पेढी

गल्ल्याच्या व्यापारात नव्याने पडलेल्या तरुणास असे वाटते की, भाव ठरला, पोती काट्यावर चढली, पैसे मोजून दिले, म्हणजे व्यवहार पुरा झाला. जुन्या व्यापाऱ्यास ठाऊक असते की, खरे काम पुढेच आहे. घेतलेला माल कोठीत कोरडा राहिला पाहिजे. पावसाळ्यात त्यास ओल लागता कामा नये. कीड लागली की काय, हे दर पंधरवड्यास पोत्यात परखी घालून पाहिले पाहिजे. माल घेणे ही एका दिवसाची गोष्ट आहे, माल राखणे ही वर्षाची.

कर्करोगाच्या बाबतीत आपण सारे त्या नवशिक्या तरुणासारखे वागतो, असे आमचे नम्र मत झाले आहे. कोणाच्या घरी हा रोग निघाला की, आपण धावून जातो. इंदूरच्या अथवा मुंबईच्या डॉक्टरांची चौकशी होते, पैशांची जुळवाजुळव होते, कोणी मोटार देतो, कोणी रक्त देतो. शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात, औषधांच्या सलायनी लागतात. मग एके दिवशी डॉक्टर सांगतात की, उपचार पूर्ण झाले, आता तीन महिन्यांनी या. घरी पेढे वाटले जातात आणि त्या दिवसापासून त्या माणसाचे खाते आपण मिटवून टाकतो. वस्तुतः त्याच दिवशी त्याच्या खात्याचे नवे पान सुरू होत असते. त्या पानाविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहावेत, अशी आमची इच्छा आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे व्यापारी आहोत. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि तेवढ्या आधारावर बोलण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

आमच्या धारच्या पेढीवर तीस वर्षांहून अधिक काळ रोजमेळ व खतावणी सांभाळणारे दिवाणजी आहेत. चुना-तंबाखूची सवय त्यांना तरुणपणापासून होती. गालाच्या आतील बाजूस न बरा होणारा व्रण निघाला, तपासणीत तो कर्करोग ठरला. शस्त्रक्रिया झाली, त्यावर सहा आठवडे किरणोपचार झाले. खर्चाचा बराचसा भार पेढीने उचलला. त्याबद्दल बाजारात आमचे नावही झाले. दिवाणजी परत आले ते निम्म्या शरीराने आले. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते, लाळ आटल्यामुळे घोटाघोटाने पाणी प्यावे लागे, शब्द अस्पष्ट उमटत, आणि बाहेर निघताना ते गालावर उपरणे ओढून घेत. दसऱ्यानंतर एके सकाळी ते नेहमीच्या वेळी पेढीवर येऊन आपल्या जागेपाशी उभे राहिले. आम्ही मोठ्या आपुलकीने म्हणालो, "दिवाणजी, आता तुम्ही विश्रांती घ्या. पगार घरपोच येईल." ते काही बोलले नाहीत. चष्म्याचे घर उचलले आणि परत गेले.

पगार घरी जात राहिला. चार महिन्यांनी त्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या व म्हणाल्या, "शेठजी, पैसे नकोत. यांना कामावर बोलवा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. म्हणतात की, मी आता कोणाच्या उपयोगाचा उरलो नाही, हे शेठजींनीसुद्धा ठरवले." आम्ही जिला दया समजत होतो, ती त्या गृहस्थास बडतर्फी वाटली होती. आणि मन कठोर करून पाहिले असता, त्यात थोडी बडतर्फी होतीही. गिऱ्हाइकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बिचकू नये, हा विचार त्या सकाळी आमच्या मनात येऊन गेला होता. आम्ही तो विश्रांतीच्या नावाखाली झाकला, एवढेच.

येथून आम्ही या विषयाचा शोध घेऊ लागलो. हा रोग आता कोणा दुसऱ्याच्या घरचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या नोंदणी कार्यक्रमाने २०२२ साली देशात सुमारे १४ लाख ६० हजार नवे रुग्ण निघतील असा अंदाज केला होता, आणि दर नऊ भारतीयांपैकी एकास आयुष्यात केव्हातरी हा रोग होण्याचा संभव सांगितला होता. त्याचबरोबर उपचारांतून बरे होऊन परतणाऱ्यांची संख्याही वाढत आहे. मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूचेच नाव होते. आज तशी स्थिती नाही. त्याच रुग्णालयात १९९१ साली बालरुग्णांसाठी उपचारोत्तर चिकित्सालय निघाले. रोग गेलेल्या मुलांची वाढ, हृदय, शिक्षण, पुढे त्यांचे संसार, या सर्वांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे हे त्याचे काम. रोग गेला तरी उपचारांचे परिणाम मागे राहतात, हे जाणत्यांनी इतक्या पूर्वी ओळखले होते. आपल्या बाजारपेठेस ते अद्याप उमगावयाचे आहे.

अमेरिकेतील डॉक्टर फिट्झह्यू मुलन स्वतः तरुणपणी या रोगातून गेले होते. १९८५ साली त्यांनी एका लेखात रोगातून वाचणाऱ्या माणसाचे तीन ऋतू सांगितले. पहिला ऋतू निदानाचा व उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा. यात शरीर थकलेले असते, रोग उलटेल की काय या धास्तीने मन पोखरलेले असते, आणि डॉक्टरांचा रोजचा आधार एकाएकी सुटलेला असतो. तिसरा ऋतू रोग बहुधा परत न येण्याचा. परंतु त्यातही नोकरी, विमा, शरीरातील उणिवा हे प्रश्न शिल्लक राहतात. आपले सारे दातृत्व पहिल्या ऋतूत ओतले जाते. मृगाचा पाऊस पाहून सर्व बियाणे पेरून टाकावे आणि रब्बीसाठी कोठीत दाणा ठेवू नये, त्यातला हा प्रकार आहे.

सरकारी योजनांची रचनाही बहुतांशी पहिल्या ऋतूचीच आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. ही फार मोठी गोष्ट आहे व तिच्यामुळे अनेक हमालांची व शेतकऱ्यांची घरे वाचली आहेत. परंतु रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या खर्चाची तिची मर्यादा १५ दिवसांची आहे. सोळाव्या दिवसापासूनचा हिशेब कोणाच्या वहीत मांडावयाचा? सेवाभावी संस्थांनी परगावच्या रुग्णांची मुंबईत सोय केली आहे. परळ येथे १९६८ साली स्थापन झालेली नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे उतरलेली माळव्यातील माणसे आम्ही पाहिली आहेत. परंतु ती धार-देवासला आपल्या घरी परतली म्हणजे त्यांच्यासाठी धर्मशाळा कोणती? ती धर्मशाळा आपले घर, आपला मोहल्ला आणि आपली पेढी हीच असू शकते.

आमच्या चुकीच्या मुळाशी एक अज्ञान होते. आजारी माणसाने जितके पडून राहावे तितके बरे, ही आमची पिढीजात समजूत. डॉक्टरांस विचारले तेव्हा कळले की, उपचारांनंतरचा थकवा नुसत्या पडून राहण्याने जात नाही. तो झेपेल तेवढ्या, हळूहळू वाढविलेल्या हालचालीने कमी होतो. २०२५ साली आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया व औषधे पूर्ण झालेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम दिला, निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षे रोगाशिवाय राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ८० टक्के भरले, दुसऱ्यात सुमारे ७४. सर्वच प्रकारच्या कर्करोगांस हा आकडा लावता येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु 'पडून राहा' हा सल्ला आपण किती सहज देतो, याचा विचार करण्यास तो पुरेसा आहे.

याउलट टोकाची चूकही होते. 'आता बरे झालात ना, मग पूर्वीसारखे कामाला लागा' असे म्हणणारे मालकही आमच्या पाहण्यात आहेत. या दोन चुकांच्या मधली वाट कोणती, हे सांगण्यास देवासहून चांगले गाव नाही. १९४८ च्या जानेवारीत कुमार गंधर्व क्षयाने खंगलेल्या अवस्थेत देवासला राहावयास आले. क्षय हा वेगळा रोग. तथापि त्या काळी त्याच्या नावाचा धाक आजच्या कर्करोगाइतकाच होता. ऐन पंचविशीच्या आत असलेल्या या गवयास डॉक्टरांनी गाण्याची बंदी केली. सुमारे पाच वर्षे ते अंथरुणाला खिळून होते. नव्या औषधाने रोग आटोक्यात आणला, हे खरेच. परंतु औषधाच्या भोवती आणखी काही होते: माळव्याची कोरडी हवा होती, पत्नी भानुमतीबाईंची अखंड शुश्रूषा होती, खिडकीतून कानावर पडणारी मालवी लोकगीते होती, आणि भरपूर वेळ होता. १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गायले. एक फुप्फुस निकामी झालेले असल्यामुळे त्यांना जुन्या रीतीने गाणे शक्य नव्हते. त्यांनी आपल्या दमात बसेल अशी नवी रीत घडविली, आणि अंथरुणात ऐकलेली लोकगीते त्यांच्या गाण्याचे भांडवल झाली. १२ जानेवारी १९९२ रोजी देहावसान होईपर्यंत ते देवासलाच राहिले. रोगातून उठलेला माणूस पूर्वीचाच होऊन परत येत नाही. त्यास वेळ दिला, आणि त्याच्या उरलेल्या शक्तीस बसेल असे काम करू दिले, तर तो उणा होऊन येतो असेही नाही. प्रत्येकजण कुमार गंधर्व नसतो. परंतु माणसाला माणूस म्हणून उभे राहण्यास जे लागते, ते सर्वांस सारखेच लागते.

घरातील गोष्टही सांगितली पाहिजे. देवासला आमच्या वडील बंधूंच्या घरी वहिनींना स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार उत्तम झाले. घरी आल्यावर मात्र त्यांचा पाण्याचा पेला निराळा झाला. कोणी तसे सांगितले नव्हते. तो आपोआप निराळा झाला. कर्करोग स्पर्शाने वा उष्ट्याने लागत नाही, हे घरातील पदवीधर मुलांनाही ठाऊक होते, तरी पेला निराळाच राहिला. केस गेले म्हणून त्या मंदिरात जाईनात. काखेतील गाठी काढल्यामुळे हात सुजे. त्यासाठी शिकविलेले व्यायाम करावयास त्यांना निवांत अर्धा तास कोणी देईना, कारण स्वयंपाकघर त्यांच्याकडे परत आले होते. आणि रोगाचे नाव घरात घ्यावयाचे नाही, असा दंडक होता. का, तर नातींची लग्ने व्हावयाची आहेत. ज्या दुखण्याचे नाव घेता येत नाही, त्याची विचारपूस तरी कोण कशी करणार? शेवटी त्यांच्या धाकट्या सुनेने एके दिवशी सर्वांसमक्ष त्यांच्या पेल्यातले पाणी पिऊन टाकले. त्या दिवसापासून निराळा पेला गेला. आम्हां पुरुषांच्या डोक्यातून जे निघाले नाही, ते त्या मुलीने एका घोटात केले.

पर्युषणात वहिनींनी उपवासाचा आग्रह धरला, तेव्हा घरात मतभेद झाला. व्रताविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु उपचारांनी वजन उतरलेल्या शरीरास पुरेसा आहार व प्रथिने लागतात, हे डॉक्टरांचे सांगणे साधूमहाराजांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनीच वहिनींना यंदा स्वाध्याय व मौन यांवर भर देण्यास सांगितले. आपल्याकडे आहारदान व औषधदान यांस मोठे पुण्य मानले आहे. ज्याचे ताट भरावयाचे त्यास उपाशी राहण्याची भीड घालू नये, हाही त्याच दानाचा भाग समजावा.

आता करावयाचे काय? आमच्या अल्पमतीस सुचलेल्या सूचना अशा आहेत.

पहिली, प्रत्येक पेढीने आपल्या माणसाची जागा राखून ठेवावी. मग तो मुनीम असो, तुलावटी असो वा हमाल असो. परतल्यावर आरंभी दोन तास, मग चार, असे काम वाढवावे. हमालास पोती उचलता येणार नाहीत, परंतु आवक-जावक मोजता येईल. त्यास भुसा व धूळ यांपासून दूर बसवावे. काय झेपते, हे आपण न ठरविता त्यासच विचारावे.

दुसरी, तपासणीचा दिवस हा पगारी समजावा. पहिली दोन वर्षे साधारणतः काही महिन्यांच्या अंतराने, पुढे हळूहळू अंतर वाढवीत तपासणीस जावे लागते. एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून गरीब माणूस तपासणी चुकवितो, आणि उलटलेला रोग उशिरा सापडतो. रेल्वेच्या नियमांत कर्करोगाच्या रुग्णास उपचारांप्रमाणेच अशा तपासणीच्या प्रवासासही सवलत आहे. शयनयान वर्गात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते व सोबत्याचे तीन-चतुर्थांश. अनेकांस हे ठाऊकच नसते. संघाने धारला एक व देवासला एक असा माणूस नेमावा, की जो हे कागद भरून देईल आणि कोणाची तपासणी केव्हा आहे याची नोंद ठेवील.

तिसरी, महिन्यातून एकदा संघाचे सभागृह या रोगातून गेलेल्या मंडळींस बसण्यासाठी मोकळे करून द्यावे. त्यात भाषण नको, हारतुरे नकोत. तोंड उघडण्याचा व्यायाम कसा करावा, मऊ आहारात चव कशी आणावी, तपासणीच्या आदल्या रात्री झोप न आल्यास काय करावे, हे एक रुग्ण दुसऱ्यास जितके सांगतो तितके कोणी सांगू शकत नाही. जातपात व पंथ तेथे विचारू नये. रोगाने तो विचारलेला नाही.

चौथी, गादीवरील तंबाखू-सुपारीचे तबक उठवावे. मध्यप्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. परंतु आमच्या गाद्यांवर मसाला व तंबाखू निराळ्या पुड्यांतून येऊन एकत्र होतच आहेत. तोंडाच्या कर्करोगातून उठून आलेल्या माणसासमोर तबक सरकविणे हा पाहुणचार नव्हे.

काही बंधू विचारतील की, मंदीच्या दिवसांत अर्धे काम करणाऱ्यास बसवून ठेवणे व्यापारास परवडेल काय? प्रश्न योग्य आहे. व्यापाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. आमचे उत्तर असे की, तीस वर्षे ज्याने कोणत्या गावचा गहू ओला येतो, कोणाची उधारी कोणत्या महिन्यात फिटते, हे डोक्यात साठविले, तो माणूस घरी बसविणे हेच महाग आहे. आणि पेढीवरील इतर माणसे आजाऱ्याशी आपण कसे वागतो, हे पाहतच असतात. ज्याला उद्याची खात्री आहे, तोच आज मन लावून काम करतो. हे न पटल्यास, नऊ जणांपैकी एक, हा आकडा पुन्हा आठवावा. आपल्या गादीवर सायंकाळी आपण नऊ जण सहज बसतो.

दिवाणजींच्या घरी आम्ही स्वतः गेलो, क्षमा मागितली आणि त्यांना परत आणले. आरंभी ते सकाळी दोन तास येत. आता तिसऱ्या प्रहरापर्यंत बसतात. शब्द अजून अस्पष्टच आहेत. लिलावाचा भाव ते चिठ्ठीवर लिहून पुढे करतात, आणि शेतकऱ्यांस त्याची सवय झाली आहे. पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ असतो. गालावरचे उपरणे होळीच्या सुमारास केव्हातरी खांद्यावर आले. नेमके कोणत्या दिवशी, ते आमच्या लक्षात राहिले नाही. मागल्या दिवाळीस वहीपूजनानंतर नव्या वहीची पहिली ओळ आम्ही त्यांच्याकडून लिहविली. अक्षर पूर्वीचेच आहे.

येत्या वार्षिक सभेपुढे वरील चार सूचना ठराव म्हणून मांडण्याचा आमचा विचार आहे. यंत्रांस व इमारतींस देणग्या देण्यास संघ समर्थ आहे, आणि त्या द्याव्यातच. परंतु ज्या दानावर नावाची पाटी बसत नाही, असे हे दान आहे. एक जागा, एक पगारी दिवस, एक बैठक आणि एक उठविलेले तबक. व्यापारीबंधूंनी त्याचा विचार करून सभेस यावे, अशी विनंती आहे.